म्यू रिसेप्टर तोच, मग बरगडीला लागू पडणारं मॉर्फिन हाताच्या कळेला का पडत नाही?

शून्य_ते_दहा

धाग्यात डोस येणार आहेत, म्हणून आधीच सांगतो: हा डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट मंडळींसाठी आहे. यावरून घरी कुणी गोळ्या कमीजास्त करू नयेत.

केस अशी धरू. फुफ्फुसाच्या शेंड्याचा कॅन्सर, म्हणजे पॅन्कोस्ट ट्यूमर. गाठ वरच्या दोन बरगड्यांत शिरली आहे आणि हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्यातही, म्हणजे ब्रेकियल प्लेक्ससमध्ये. पेशंट दोन वेदना वेगवेगळ्या सांगतो. बरगडीची: "आत खोल ठणकतं, कूस बदलली की वाढतं." आणि काखेपासून करंगळीपर्यंतची: "करंट मारतो, आग होते." मॉर्फिन १० मिलिग्रॅम दर चार तासांनी सुरू केलं, दहा दिवसांत ३० वर नेलं. म्हणजे दिवसाला १८०. शून्य ते दहाच्या मापात बरगडीचा ठणका ८ वरून ३ वर आला. हाताची कळ ८ ची जेमतेम ७ झाली. आता तिसरंच सुरू झालंय. झोपेत हातपाय झटकतात, चादर हाताला घासली तरी ओरडतो, आणि दोन दिवसांपासून दुसऱ्या हाताला, पोटालाही हात लावू देत नाही. त्यात रात्रपाळीत पेन्टाझोसिन या दुसऱ्या वेदनाशामकाचं एक इंजेक्शन दिलं गेलं. अर्ध्या तासात वेदना भडकली, दरदरून घाम, पोटात मुरडा.

औषध एक, रिसेप्टर (पेशीवरची औषध चिकटायची जागा, मॉर्फिनसाठी ती म्यू) एक, शरीर एक. मग एक वेदना ऐकते आणि दुसरी ऐकत नाही, असं का? आणि आता डोस वाढवायचा की नाही? क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी रक्ततपासणी) २.१ आहे, वजन ४६ किलो.

लॅमिना_दोन

"का"चं उत्तर मी देतो. डोसचं वॉर्डातले लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

रिसेप्टर एक आहे हे खरंच. १९९६ साली म्यू रिसेप्टरचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, त्यांच्यात मॉर्फिनने वेदनाही कमी होईना आणि चटकही लागेना. ओपिऑइडचे, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या औषधांचे, दुसरे दोन रिसेप्टर डेल्टा आणि कप्पा जागेवर असूनही. म्हणजे मॉर्फिनचं काम म्यूवाचून चालत नाही. पण म्यू कुठल्या पेशीवर बसलाय आणि त्या पेशीच्या शेजारी काय चाललंय, यावर परिणाम ठरतो.

मुख्य जागा दोन. पहिली मज्जारज्जूचं मागचं शिंग, वरून दुसरा थर. वेदना आणणारा बारीक सी-तंतू इथे येऊन संपतो. त्याच्या टोकावरच्या म्यूला मॉर्फिन चिकटलं की कॅल्शियमचे चॅनल बंद होतात आणि वेदनेचा निरोप पुढे नेणारी ग्लुटामेट, सब्स्टन्स पी ही रसायनं बाहेर पडणं कमी होतं. पुढच्या पेशीवरच्या म्यूला चिकटलं की पोटॅशियम बाहेर जातं आणि ती पेशी सहजी पेटत नाही. दुसरी जागा मध्यमेंदूतला पेरिॲक्विडक्टल ग्रे. इथली गंमत अशी की मॉर्फिन वेदना रोखणाऱ्या पेशींना थेट ढकलत नाही. त्यांच्या मानगुटीवर बसलेल्या, गाबा हे दाबून ठेवणारं रसायन सोडणाऱ्या पेशींना गप्प करतं. मग त्या मोकळ्या होतात आणि तिथून मेडुलामार्गे खाली मज्जारज्जूपर्यंत रोखण्याचा निरोप जातो.

बरगडीच्या ठणक्यात ही सगळी यंत्रणा शाबूत आहे, म्हणून ८ चे ३ झाले. हाताच्या कळेत ती चार ठिकाणी बिघडलेली असते.

नस चिरडली गेली की तिच्या मज्जारज्जूतल्या टोकांवरचे म्यू रिसेप्टर घटतात. औषध पोचतं, पण चिकटायला जागा कमी. शिवाय चादर लागल्यावर जी वेदना होते ती जाड ए-बीटा तंतूंवरून येते, एरवी नुसता स्पर्श वाहणाऱ्या. त्यांच्या टोकांवर म्यू जवळपास नसतोच. म्हणून मॉर्फिनवर ठणका उतरतो तेव्हाही चादरीचा त्रास तसाच राहतो.

मग एनएमडीए रिसेप्टर. हा इथला खरा खलनायक, आणि तो ओपिऑइड रिसेप्टर नाहीच. तो ग्लुटामेटचा आहे. शांत असताना त्याच्या छिद्रात मॅग्नेशियमचा एक आयन बुचासारखा अडकलेला असतो. ग्लुटामेट येऊन चिकटलं तरी छिद्र उघडत नाही. पण नसेतून तासन्‌तास मारा होत राहिला की पुढच्या पेशीचं व्होल्टेज चढतं, बूच निघतं आणि कॅल्शियम आत घुसतं. आत प्रोटीन कायनेझ हे एन्झाइम जागं होतं. ते दोन कामं करतं: एनएमडीए रिसेप्टरवर फॉस्फेट लावून तो पुढच्या वेळी लवकर उघडेल अशी सोय करतं, आणि म्यू रिसेप्टरचा पेशीत निरोप नेणाऱ्या त्याच्या जी-प्रोटीनशी असलेला सांधा ढिला करतं. वेदना वाढणं आणि मॉर्फिन बोथट होणं या दोन वेगळ्या घटना नाहीत, हे त्यामुळे. १९९१ मध्ये उंदरांना मॉर्फिनबरोबर एमके-८०१ नावाचा एनएमडीए अडवणारा पदार्थ दिला, तर मॉर्फिनची सवय लागणं रोखलं गेलं. एनएमडीए अडवणाऱ्या केटामिन आणि मेथाडोनची सगळी चर्चा तिथून पुढे आली.

तिसरं, क्लोराइडचा पंप. नस दुखावली की मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी बीडीएनएफ हे प्रथिन सोडतात, त्याने पेशीतून क्लोराइड बाहेर काढणारा केसीसी२ पंप मंदावतो. क्लोराइड आत साचलं की गाबाचा ब्रेक नीट लागत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नुसत्या मॉर्फिननेही हाच पंप मंदावलेला दिसलाय, नस शाबूत असताना. तुमच्या पेशंटला दुसरा हात आणि पोटही सोसवत नाही, त्याचा धागा इथे असू शकतो. चौथं म्हणजे कोलेसिस्टोकायनिन. पचनातला म्हणून ओळखीचा असलेला हा पदार्थ मेंदूत आणि मज्जारज्जूत ओपिऑइडच्या विरुद्ध काम करतो आणि नस तुटल्यावर वाढतो. त्याला अडवणारं रोजच्या वापरातलं औषध मात्र हाती नाही, म्हणून इतकंच.

"नसेच्या वेदनेला ओपिऑइड चालत नाही" हे वाक्य मला पटत नाही. चालतं, पण डोसचा आलेख उजवीकडे सरकतो. गुंगी, झटके आणि बद्धकोष्ठाचे आलेख जागचे हलत नाहीत. त्यामुळे आराम यायच्या आधी त्रास येऊन ठेपतो.

चौथी_पायरी

वरचं सगळं मान्य. आता पेशंटकडे.

डोस वाढवू नका. सवय लागून कमी पडणं आणि मॉर्फिनमुळेच वेदना वाढणं या दोन गोष्टी पलंगापाशी वेगळ्या करता येतात. सवय असेल तर वेदना मूळ जागीच राहते, डोस वाढवला की उतरते. दुसऱ्या प्रकारात वेदना मूळ जागा सोडून पसरते, नुसता स्पर्श सोसत नाही, हातपाय झटकतात आणि डोस वाढवला की सगळं आणखी चढतं. तुमच्या वर्णनात यातलं सगळं आहे. क्रिएटिनिन २.१ ने शिक्कामोर्तब केलं. यकृतात मॉर्फिनचे दोन पदार्थ होतात, एम६जी आणि एम३जी, आणि दोघांनाही बाहेर पडायला मूत्रपिंडच लागतं. एम६जी म्यूला चिकटतं, गुंगी आणतं, श्वास मंद करतं. एम३जी म्यूला जवळपास चिकटत नाही, वेदना शमवत नाही, उलट मज्जासंस्था चेतवतं. झटके बहुतेक त्याचेच. म्यू अडवणाऱ्या नालॉक्सोनने ते जात नाहीत.

पण त्याआधी पाच मिनिटांचं एक काम. पायांची ताकद, लघवी अडकते का, पाठीच्या मणक्यावर ठोकून दुखतं का, हे बघा. पॅन्कोस्टची गाठ मणक्यातून आत शिरू शकते. नवीन अशक्तपणा असेल तर हा धागा बंद करून डेक्सामेथासोन, तातडीचा एमआरआय आणि रेडिओथेरपीवाल्यांना फोन. ताकद शाबूत असली तरी प्लेक्ससभोवतीची सूज कमी करायला डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम सकाळी एकदा देऊन पाहण्यासारखं आहे. रात्री दिलं तर झोप उडते. साखर बघून.

मग पाणी. तोंडाने जात नसेल तर सलाइन, त्वचेखालूनही चालतं. डायक्लोफिनॅक वगैरे मूत्रपिंडाला जड पडणारं चालू असेल तर थांबवा. कॅल्शियम तपासा, ते वाढलेलं असलं तरी भ्रम आणि गुंगी येते.

नंतर औषध बदलणं. इथे फेंटानिल सोयीचं, कारण त्याचे असे साचणारे उपद्रवी पदार्थ नाहीत. हिशोब: दिवसाचं तोंडावाटे मॉर्फिन १८०, भागिले १००, म्हणजे २४ तासांना १.८ मिलिग्रॅम फेंटानिल, म्हणजे तासाला ७५ मायक्रोग्रॅमचा पॅच. पण ७५ चा लावू नका. दोन्ही औषधं म्यूवरच चालत असली तरी एकाची सवय दुसऱ्याला पूर्ण लागू होत नाही, म्हणून पाव ते अर्धा डोस कमी करतात. या पेशंटला मी ५० ने सुरुवात धरेन. पॅचचं औषध रक्तात यायला १२ तास तरी जातात. लावल्या क्षणी मॉर्फिन तोडलं तर रात्र वाईट जाते. त्या १२ तासांत गुंगी आणि श्वास बघत १५ मिलिग्रॅमचे दोन-तीन डोस द्यावेत, मग नेहमीचं मॉर्फिन बंद. पॅच ७२ तासांनी, जागा बदलून. केस कात्रीने कापायचे, ब्लेडने नाही. ताप, गरम पाण्याची पिशवी, उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात तापलेली गादी, या सगळ्यांनी औषध भराभर शोषलं जातं. ४६ किलोच्या माणसाच्या अंगावर चरबी कमी असते, तिथे उलट पॅच कमीही पडू शकतो. म्हणून पहिले तीन दिवस रोज बघा.

एनएमडीएकडे हात घालायचा तर मेथाडोन. म्यूही धरतं, एनएमडीएही थोडं अडवतं, मूत्रपिंडाच्या आजारात चालतं. आणि याच औषधाने सर्वात जास्त घात होतात. मॉर्फिनशी त्याचं प्रमाण ठरलेलं नाही: दिवसाला ९० मिलिग्रॅमपर्यंतच्या मॉर्फिनला साधारण चारास एक, ९० ते ३०० ला आठास एक, त्यापुढे बारास एक. १८० ला चारचा भागाकार केला की उत्तर ४५ येतं, आठचा केला की साडेबावीस. पहिला चुकीचा, आणि चूक लगेच दिसतही नाही. औषध हळूहळू साचतं, पेशंट तिसऱ्या ते पाचव्या दिवशी गाढ गुंगीत जातो. म्हणून पाच दिवसांच्या आत वाढवायचं नाही. आधी ईसीजी; क्यूटीसी (ईसीजीवर मोजला जाणारा हृदयाचा विद्युत अवधी, मिलिसेकंदांत) ५०० च्या वर असेल तर नाव काढू नका. अनुभवी माणूस हाताशी नसेल तर पूर्ण बदल करण्याऐवजी फेंटानिल चालू ठेवून रात्री मेथाडोन २.५ मिलिग्रॅम जोडणं जास्त सुरक्षित.

केटामिन तासाला किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम, ओपिऑइड पाव ते अर्धं कमी करून. पण उत्साह आवरा. २०१२ साली कॅन्सरच्या वेदनेवरच्या मोठ्या चाचणीत त्वचेखालचं केटामिन प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसापेक्षा, सरस ठरलं नाही, त्रास मात्र जास्त झाला. निवडक पेशंटला, तीन ते पाच दिवस, उपयोग नाही दिसला तर बंद.

पेन्टाझोसिन. ते कप्पावर चालतं, आणि म्यूवर नुसतं जागा अडवून बसतं. रोज मॉर्फिन घेणाऱ्याला ते दिलं म्हणजे म्यूवरचं मॉर्फिन हुसकावलं. वेदना भडकणं, घाम, मुरडा, हे सगळं मॉर्फिन तोडल्याचं लक्षण आहे, ॲलर्जी नव्हे. ब्युटॉर्फानॉल आणि नॅल्ब्युफिनचंही तेच. तीन-चार तासांत उतरतं. तोवर धीर, द्रव, लागल्यास क्लोनिडिन. केस पेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने "पेन्टाझोसिन देऊ नये" लिहा. रात्रपाळीची सिस्टर पहिलं पान बघते, आतली टिपणं नाही.

शून्य_ते_दहा

पाय ठीक आहेत, लघवी मोकळी होते. लाल शाई झाली.

एक राहिलं. मॉर्फिनच्या आधी तीन आठवडे ट्रॅमाडॉल होतं, दिवसाला ४०० पर्यंत नेलं, काही उपयोग नाही. सोबत नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिन २० आणि मळमळीसाठी ऑन्डॅन्सेट्रॉन. हाही म्यू बोथट झाल्याचाच प्रकार का? म्यू रिसेप्टरच्या ओपीआरएम१ जनुकाची तपासणी करून घ्यावी का?

खलबत्ता

तपासणीचे पैसे वाचवा. या जनुकातला ए११८जी हा बदल आशियाई लोकसंख्येत भरपूर आढळतो, पण त्याने डोसमध्ये पडणारा फरक इतका लहान आहे की पलंगापाशी निर्णय बदलत नाही.

ट्रॅमाडॉलचं उत्तर तुमच्या औषधांच्या यादीतच आहे. गोळीतलं ट्रॅमाडॉल म्यूला फार हलकं चिकटतं. यकृतातल्या सीवायपी२डी६ ने त्याचं एम१ बनवलं की तो पदार्थ म्यूवर खरं काम करतो. फ्लुओक्सेटिन हेच एन्झाइम बंद पाडतं. पॅरॉक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑनही. म्हणजे तीन आठवडे पेशंट ओपिऑइडवर जवळपास नव्हताच. उरलं ट्रॅमाडॉलचं दुसरं अंग, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनॅलिन वाढवण्याचं. त्यातल्या सेरोटोनिनच्या वेदनाशामक कामाला ५-एचटी३ हा सेरोटोनिनचा रिसेप्टर लागतो, आणि ऑन्डॅन्सेट्रॉन नेमका तोच अडवतं. ऑपरेशननंतरच्या चाचण्यांत ऑन्डॅन्सेट्रॉन दिलेल्यांना ट्रॅमाडॉल जास्त लागल्याचं दिसलंय. एका हाताने दिलं, दोन हातांनी काढून घेतलं. वर फिट येण्याचा आणि सेरोटोनिन सिंड्रोमचा धोका. फ्लुओक्सेटिन थांबवलं तरी एन्झाइम मोकळं व्हायला चार-पाच आठवडे लागतात, त्यामुळे "कालच बंद केलं" याला अर्थ नाही. कोडीनचंही हेच रडगाणं. त्याचं मॉर्फिन होण्यासाठी तेच एन्झाइम लागतं.

हाताच्या कळेसाठी म्यूच्या बाहेरचे दोन रस्ते. पहिला वरून खाली येणारा नॉरॲड्रिनॅलिनचा. तो मज्जारज्जूत अल्फा-२ रिसेप्टरवर उतरतो आणि म्यूच्या कामाला जोड देतो. नॉरट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम रात्री, किंवा ड्युलॉक्सेटिन. पण फ्लुओक्सेटिन अंगात असताना नॉरट्रिप्टिलिनची पातळी चढते, म्हणून १० वरच थांबा, आणि मेथाडोनचा विचार असेल तर क्यूटीमुळे तेही नको. टॅपेन्टाडॉलमध्ये म्यू आणि नॉरॲड्रिनॅलिन दोन्ही एकाच रेणूत आहेत आणि त्याला २डी६ लागत नाही, म्हणून मधुमेही नसेच्या वेदनेत ते ट्रॅमाडॉलपेक्षा भरवशाचं. ज्याला दिवसाला १८० मॉर्फिन लागलं त्याला मात्र ते पुरणार नाही.

दुसरा रस्ता गॅबापेन्टिन, प्रीगाबालिनचा. नावात गाबा असला तरी ही औषधं गाबा रिसेप्टरला शिवत नाहीत. कॅल्शियम चॅनलच्या अल्फा-२-डेल्टा भागाला धरतात. म्हणजे म्यू जे काम आतून करतो, त्याच दारावर दुसऱ्या कडीने. म्हणून म्यू घटलेल्या टोकावरही चालतात. २००५ च्या एका चाचणीत मॉर्फिन आणि गॅबापेन्टिन एकत्र दिल्यावर, प्रत्येकाचा डोस कमी असूनही, एकेकट्यापेक्षा आराम जास्त मिळाला. पण श्वासावरचे परिणामही जोडले जातात, आणि प्रीगाबालिन सगळंच मूत्रपिंडातून जातं. २.१ क्रिएटिनिनला नेहमीचं ७५ दोनदा नको. २५ मिलिग्रॅम रात्री, तीन दिवसांनी बघून पुढे. फेंटानिल पॅच आणि प्रीगाबालिन एकाच दिवशी सुरू करू नका, मग गुंगी कुणाची ते कळत नाही.

अवांतर: एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांच्यासह सहा औषधं 'अत्यावश्यक नार्कोटिक'च्या यादीत आहेत. मान्यताप्राप्त संस्थेला ती ठेवायला आता पूर्वीसारखे चार-चार परवाने लागत नाहीत. ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएसमध्ये आलं, त्यामुळे ते 'साधं' म्हणून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची सवय मोडा.

लॅमिना_दोन

एक भर. आपण सगळे मज्जारज्जूत अडकलो, वरच्या मेंदूचं राहिलं.

१९७८ मध्ये दाढ काढलेल्या पेशंटांवर दाखवलं गेलं की प्लासिबोने आलेला आराम नालॉक्सोन दिल्यावर मावळतो. म्हणजे "औषध दिलंय" या खात्रीने शरीर स्वतःचं ओपिऑइड सोडतं. याहून कामाचा प्रयोग २०११ चा. २२ निरोगी माणसं, पायावर उष्णतेची वेदना, शिरेतून रेमिफेंटानिल, वेग कायम. औषध चालू आहे हे न सांगता वेदनेचा आकडा १०० पैकी ६६ वरून ५५ झाला. "आता औषध सुरू करतोय" सांगितल्यावर ३९. "आता बंद केलंय, वेदना वाढेल" असं खोटं सांगितलं, औषध तसंच चालू असताना, तर ६४. त्याच औषधाचा परिणाम एका वाक्याने जवळपास पुसला गेला.

चौथी_पायरी

हे वॉर्डात रोज लागतं, आणि त्यासाठी खोटं बोलावं लागत नाही. गुंगीतल्या पेशंटच्या सलाइनमध्ये गुपचूप औषध सोडण्याऐवजी त्याला सांगून, दाखवून द्यायचं. पॅच लावताना "बारा तासांनी काम सुरू होईल, तोवर ही गोळी" असं सांगायचं, नाहीतर दोन तासांनी "पट्टीचा काही उपयोग नाही" हे त्याच्या मनात पक्कं होतं. आणि पलंगापाशी नातेवाइकांसमोर "याला आता काहीच लागू पडत नाही" हे वाक्य उच्चारायचं नाही. एम३जी साचलेल्या पेशंटचे झटके मात्र बोलून जात नाहीत, तिथे पाणी आणि औषधबदलच.

जाता जाता नालॉक्सोन, कारण पॅच लावलाय म्हणजे ते ट्रेमध्ये हवं. ०.४ मिलिग्रॅमचं एक ॲम्प्यूल सलाइन मिसळून १० मिलिलिटर करा. श्वास मिनिटाला ८ च्या खाली आणि पेशंट हलवून जागा होत नसेल तरच, दर दोन मिनिटांनी अर्धा ते एक मिलिलिटर. श्वास १० च्या आसपास आला की थांबायचं. त्याला बोलता करायचं नाही. सगळं ॲम्प्यूल एकदम दिलं तर पेन्टाझोसिनच्या रात्रीपेक्षा वाईट रात्र होते. पॅच काढला तरी त्वचेखाली साठलेलं औषध रक्तात येत राहतं, निम्मं उतरायलाच सतरा तास किंवा जास्त जातात. नालॉक्सोन तासाभरात ओसरतं. त्यामुळे श्वास सुधारला म्हणून सिस्टरला दुसऱ्या खाटेकडे पाठवू नका. २४ तास दर अर्ध्या तासाने श्वास मोजायचा, आणि काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून, कुणाच्या हाती लागणार नाही असा टाकायचा.

शून्य_ते_दहा

५० चा पॅच आज संध्याकाळी सहाला, मॉर्फिन १५ चे डोस दहा, दोन आणि सहाला, प्रीगाबालिन चौथ्या दिवशी. झटके आणि चादर, दोन्हींची नोंद दर पाळीला वेगळी ठेवतो.

खलबत्ता

ऑन्डॅन्सेट्रॉन अजून चालू असेल तर तेही बघा. फेंटानिलला त्याचा अडसर नाही, पण पोट आणखी आवळतं. आतड्यातल्या म्यूला सवय लागत नाही, म्हणून बिसाकोडिल पहिल्या रात्रीपासून. मळमळ ओपिऑइडमुळे असेल तर हॅलोपेरिडॉल ०.५ मिलिग्रॅम रात्री जास्त कामाचं. तेही क्यूटी वाढवतं, तेव्हा मेथाडोन जोडलंत तर परत ईसीजी.